कच्च्या वहीतली सहा वर्षं

पत्रातलं ते शून्य थोरल्याने स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, आणि आज सकाळी सव्वादहाला घरच्याच टेबलावर ते मोठ्याने वाचून दाखवायची पाळीही त्याच्यावरच आली.

“‘आपल्या रुग्णालयाच्या पत्राप्रमाणे सेवेचा तपशील असा. बालरुग्ण विभाग, सहा वर्षं. नवजात अतिदक्षता विभाग, शून्य. अर्जदाराने आज अकरा वाजताच्या मुलाखतीत याचा खुलासा करावा. खुलासा न पटल्यास तज्ज्ञ परिचारिका म्हणून नोंदणीचा अर्ज बंद करण्यात येईल.’”

त्याने मोबाइल खाली ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

धाकटी हातात चहाचा कप घेऊन उभी होती. ही त्याच्या धाकट्या भावाची बायको. सहा वर्षं ती नवजात कक्षात काम करत होती, तळहातावर मावतील एवढी बाळं तिच्या हातून वाढून आपापल्या घरी गेली होती. परदेशातल्या रुग्णालयाने तिला बोलावलं ते ह्याच कामासाठी. तिथल्या परिचारिका मंडळाने तज्ज्ञ म्हणून नाव नोंदवलं तर नोकरी, नाहीतर घरी बसा. वर्षभर तिने ड्युटी सांभाळून भाषेची परीक्षा दिली, लेखी परीक्षा दिली, सांभाळलेल्या बाळांच्या नोंदींचं जाडजूड लॉगबुक पाठवलं. आता फक्त आजची मुलाखत राहिली होती.

“शून्य?” ती म्हणाली. “भावजी, ते पत्र तुमच्याच ऑफिसातून गेलं ना?”

“माझ्याच टेबलावरून गेलं. मी रजिस्टर बघून लिहिलं. रजिस्टरात तू बालरुग्ण विभागात आहेस.”

“मी तिथे एक दिवस काम केलेलं नाही!”

“कागदावर केलंयस.”

थोरली स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आली. ती तिथल्या भाषेच्या शिकवण्या घेत असे, आणि जावेला आठ महिने तिनेच घासूनपुसून तयार केलं होतं. नवऱ्यावर आवाज चढवायची तिला सवय नव्हती, पण आज चढला. “कागदावर केलंय म्हणजे काय हो? सहा वर्षं ही रोज डबा घेऊन जायची, ती काय फिरायला?”

“दादा, तुला हे आधी माहीत होतं?” धाकट्याने विचारलं. तो विजेची कामं करणारा माणूस. मुलाखतीच्या वेळी कुणी वाजवू नये म्हणून त्याने सकाळी उठल्या उठल्या दारावरच्या घंटीची वायर काढून ठेवली होती आणि स्वतःवर खूश होऊन बसला होता.

थोरल्याने फक्त आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि सगळ्यांना कळलं. ह्या घरात कुठल्याही प्रश्नाचा माग काढत गेलं की माणूस शेवटी त्या दारापाशीच पोचायचा.

आत मेट्रन बसल्या होत्या. त्याच रुग्णालयातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त होऊन महिना झाला होता, तरी घरातली चारही माणसं त्यांच्यामागे त्यांना मेट्रनच म्हणत, आणि समोर आई.

“मला असं वाटतं,” थोरला आवाज खाली आणून म्हणाला, “की उगाच घोळ घालण्यापेक्षा मी मागच्या तारखेचा एक बदली आदेश तयार करतो. अमुक तारखेपासून हिला नवजात कक्षात पाठवलं, एवढं एका ओळीत. फाइलला लावला की झालं. साहेब बघतसुद्धा नाहीत.”

“आणि खरं सांगितलं तर?” धाकटीने विचारलं.

“खरं सांगितलं तर चौकशी. ती सगळी रजिस्टरं माझ्या सहीने पास झालीत. पुढच्या आठवड्यात माझी बढतीची मुलाखत आहे, प्रशासकीय अधिकाऱ्याच्या जागेसाठी. आपणच हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?”

धाकट्याला भावाचंही पटत होतं आणि बायकोचंही. अशा वेळी तो नेहमी करायचा तेच त्याने केलं, उठून प्लग तपासायला लागला. धाकटी कप हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या मनात क्षणभर आलंच, की एका ओळीने जर सगळं मिटत असेल तर मिटू दे. काम तर तिने केलंच होतं. खऱ्या गोष्टीला खोटा कागद जोडला तर बिघडलं कुठे?

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

“मागची तारीख घालायची नाही,” मेट्रन म्हणाल्या. “एक खोटं मी लिहिलंय तेवढं पुरे आहे.”

*

ते खोटं कसं लिहिलं गेलं, ते मेट्रन गेला अर्धा तास पलंगाच्या कडेवर बसून आठवत होत्या.

सहा वर्षांपूर्वी नवजात कक्ष सुरू झाला आणि बाळांना उबेत ठेवायच्या आठ काचेच्या पेट्या आल्या, तेव्हा सगळ्या सिस्टरांना तिथे जायचं होतं. पहिल्याच बैठकीत मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “आपला तो बाब्या! मेट्रनबाई घरच्यांनाच घालणार तिथे.” बैठक हसली. मेट्रनही हसल्या. पण ते शब्द त्यांच्या जिव्हारी लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती, आणि आता सुनेवरून दाखवणार? त्या दिवशी त्यांनी ऑफिसच्या पक्क्या रजिस्टरमध्ये नवजात कक्षापुढे दुसऱ्या एका सिस्टरचं नाव लिहिलं आणि सुनेला बालरुग्ण विभागात टाकलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातशे ग्रॅमचं एक बाळ आलं. तिघींनी प्रयत्न केला, बाळाची शीर कुणालाच सापडेना. शेवटी सुनेला बोलावलं. तिने एकदाच सुई घातली आणि लाइन लागली. मोठे डॉक्टर म्हणाले, “ह्यांना इथून हलवू नका.” नाही हलवलं. त्या दुसऱ्या सिस्टरला पेट्यांची भीतीच वाटायची, ती आनंदाने बालरुग्ण विभागात गेली. फक्त पक्कं रजिस्टर होतं तसंच राहिलं. पुढच्या महिन्यात दुरुस्त करू, असं मेट्रन म्हणत राहिल्या, आणि प्रत्येक पुढच्या महिन्यात मागच्या रांगेतलं ते हसणं त्यांना ऐकू येत राहिलं.

कागदाची किंमत त्यांना माहीत नव्हती असं नाही. त्यांच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या मोठ्या आजी, सुईण होत्या. अर्धी वस्ती त्यांच्या हातांवर जन्मली. रुग्णालय बांधलं तेव्हा त्यांना आत घेतलं नाही, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. मोठ्या आजींनी एक शब्द तोंडातून काढला नाही, फक्त सुनेला नर्सिंगच्या शाळेत घातलं. त्याच सुनेने आपल्या सुनेचा कागद कोरा ठेवला होता. मेट्रनना स्वतःचा राग आला. मग त्या उठल्या, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि वह्या काढल्या.

*

आता त्या सहा वह्या टेबलावर होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, कोपरे झिजलेल्या, औषधाचा वास मारणाऱ्या.

“ही माझी कच्ची वही,” मेट्रन म्हणाल्या. “वर्षाला एक. रोज पाळी संपताना मी प्रत्येक विभागात जाऊन लिहायची. कोण कुठल्या पेटीवर होतं, लाइन कुणी लावली, किती वाजता. खाली ज्याची त्याची सही. रजिस्टर ऑफिससाठी होतं. ही वही माझ्यासाठी.”

धाकटीने एक पान उघडलं. पानाच्या खाली तिची सही होती. पुढच्या पानावरही. तिने दहा-बारा पानं भराभर उलटली.

“ह्या वहीवर मी सहा वर्षं सह्या करत होते,” ती म्हणाली. “मला वाटायचं, हेच रजिस्टर.”

“तुला तसं वाटू दिलं मी.”

“आई, तुम्ही मला एकदा सांगायचं तरी होतं!” धाकटीचा आवाज फुटला. “आठ वर्षांत तुम्ही मला कधी बरं म्हणाला नाहीत. ते मी चालवून घेतलं. मनात म्हटलं, कामावर सून म्हणून वागवत नाहीत, हे चांगलंच आहे. पण कागदावरूनसुद्धा पुसून टाकलंत?”

“चुकलं माझं,” मेट्रन म्हणाल्या. ह्या घरात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. धाकट्याच्या हातातून पक्कड खाली पडली.

“चुकलं ते चुकलं,” थोरला म्हणाला, “पण आई, ह्या वह्या दाखवणार म्हणजे रजिस्टर खोटं ठरणार. तुझी पस्तीस वर्षांची नोकरी, तुझं नाव...”

“आणि तुझी बढती.”

“हो, आणि माझी बढती! ते बोलायचंच नाही का कुणी?”

“बोल ना,” मेट्रन शांतपणे म्हणाल्या. “तू मला तेव्हाच विचारलं होतंस, आई, हे असं कसं लिहिलंयस? मी म्हटलं, सही कर. तू केलीस. तुझा दोष निम्मा, माझा दीडपट.”

“दोन्ही मिळून दोन होतात,” थोरली म्हणाली. “हिशेब बरोबर आहे. आता अकराला दहा कमी आहेत, सरका सगळे.”

*

बोलणं मंडळातल्या माणसांच्या भाषेत झालं. आपण ते आपल्या भाषेत ऐकू.

पडद्यावर दोघं होती. पांढऱ्या केसांच्या एक बाई आणि टाय लावलेले एक गृहस्थ. धाकटी समोर ताठ बसली होती. थोरली कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर स्टुलावर होती आणि जावेचं प्रत्येक वाक्य मनात आधी स्वतः बोलून बघत होती.

“अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ आहे,” बाई म्हणाल्या. “मॉनिटर वाजायला लागला, ऑक्सिजन घसरतोय. तुम्ही पहिलं काय कराल?”

“मॉनिटरकडे बघणार नाही. बाळाकडे बघेन,” धाकटी म्हणाली. “छाती हलतेय का, रंग कसा आहे. एवढी लहान बाळं श्वास घ्यायचं विसरतात. पाठीवरून किंवा तळपायावरून हळूच बोट फिरवलं की बऱ्याचदा आठवतं त्यांना. मान दुमडली असेल तर सरळ करीन. तरीही नाही घेतला तर लगेच पिशवी आणि मास्कने श्वास देईन, आणि मदतीला हाक.”

“ऑक्सिजन वाढवाल?”

“लागेल तेवढाच, आणि बाळ सावरलं की लगेच खाली आणेन. जास्त झाला तर डोळ्यांना धोका. इथे जीव वाचवायच्या घाईत बाळाची नजर घालवायची नाही.”

गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं. अर्धा तास प्रश्न येत राहिले आणि धाकटी उत्तरं देत राहिली. एकदा क्रियापद चुकलं तेव्हा थोरलीने स्वतःच्या गुडघ्यावर चापट मारून घेतली. बाकी कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मग बाईंनी चष्मा काढला. “तुम्हाला हे काम येतं, ह्याबद्दल आम्हाला शंका नाही. पण रुग्णालय म्हणतं, तुम्ही त्या विभागात कधी नव्हताच. नोंदणीसाठी प्रत्यक्ष सेवेचा पुरावा लागतो. तुमचं काम कुणाच्या देखरेखीखाली होतं? ती व्यक्ती साक्ष देईल?”

“देईल,” धाकटी म्हणाली, आणि उठून तिने आपली खुर्ची रिकामी केली.

मेट्रन येऊन बसल्या. त्यांना ती भाषा कळायची, बोलता यायची नाही. दुभाषी म्हणून थोरलीला स्टूल पुढे ओढावं लागलं. समोर, लॅपटॉपच्या मागे, भिंतीला टेकून तिचा नवरा उभा होता.

“मी त्या रुग्णालयाची मेट्रन होते,” मेट्रन म्हणाल्या. “ही माझी सून.”

टायवाले गृहस्थ मागे टेकले. “तुम्ही नातेवाईक आहात. मग तुमची साक्ष आम्ही का मानावी?”

थोरलीने प्रश्न सांगायच्या आत मेट्रननी मान हलवली. त्यांना कळला होता. सहा वर्षं ज्या प्रश्नाला त्या घाबरत होत्या, तो आज परक्या माणसाने तोंडावर विचारला होता. आणि गंमत अशी, की तो ऐकल्यावर त्यांना हलकंच वाटलं.

“माझी साक्ष मानू नका, वह्या माना,” त्या म्हणाल्या. “नातं आहे म्हणूनच हा घोळ झाला. लोक नावं ठेवतील म्हणून मी पक्क्या रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं. हिला दुसऱ्या विभागात दाखवलं. हिला ते माहीत नव्हतं. ऑफिसात रजिस्टर तपासून पास करणाऱ्याला मात्र माहीत होतं. तो माझा थोरला मुलगा.”

भिंतीपाशी थोरला दोन्ही हात हलवून नाही-नाही करत होता. शेवटचं वाक्य गाळ, असं त्याचे डोळे सांगत होते. गाळता आलंही असतं. चौदा वर्षांच्या संसारात थोरलीने त्याच्यासाठी ह्याहून मोठ्या गोष्टी गाळल्या होत्या. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग जावेकडे पाहिलं. आठ महिने रोज ड्युटीवरून येऊन, डोळे मिटत असताना, ही बाई तिच्यासमोर वही उघडून बसली होती.

थोरलीने सगळं भाषांतर केलं, एक शब्द न गाळता. आणि शेवटी पदरचं एक वाक्य घातलं. “तो मुलगा म्हणजे माझा नवरा.”

पडद्यावरच्या बाईंच्या भुवया वर गेल्या. भिंतीपाशी थोरल्याने डोळे मिटून घेतले.

“तारीख तुम्ही सांगा,” मेट्रन म्हणाल्या. “सहा वर्षांतली कुठलीही.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटीने महिन्यांपूर्वी पाठवलेलं लॉगबुक गृहस्थांच्या हाताशी होतं. त्यांनी एक पान काढून तारीख वाचली. मेट्रननी वही निवडली, बोटाला थुंकी न लावता पानं उलटली, कारण ती सवय त्यांनी वॉर्डात कुणालाच लागू दिली नव्हती. “पेटी क्रमांक तीन. वजन नऊशे वीस ग्रॅम. लाइन तीन चाळीसला. सही हिची.” आणि पान कॅमेऱ्यासमोर धरलं.

गृहस्थांनी लॉगबुकवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. दुसरी तारीख सांगितली. तीही जुळली, मिनिटासकट.

तिसरी तारीख बाईंनी सांगितली. मेट्रननी पान काढलं, आणि थांबल्या. “त्या दिवशी ही नव्हती.”

“नव्हती? नीट बघा.”

“नीटच बघतेय. त्या आठवड्यात ही कामावर नव्हतीच. रजा.” मेट्रननी क्षणभर वहीच्या समासाकडे पाहिलं आणि पुढचंही सांगून टाकलं. “माझ्याशी भांडून माहेरी गेली होती.”

थोरलीने तेही भाषांतर केलं. बायका भांडून माहेरी जातात हे तिकडे कसं सांगायचं, म्हणून तिला दोन वाक्यं जास्त लागली.

पांढऱ्या केसांच्या बाई आधी गालात हसल्या, मग मोकळ्या हसल्या. “लॉगबुकमध्येही त्या आठवड्याची पानं कोरी आहेत,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच मी ती तारीख विचारली. खोटी वही असती तर तिथे नक्की काहीतरी लिहिलेलं निघालं असतं.” मग त्या थोडं पुढे झुकल्या. “एक शेवटचं. नातं बाजूला ठेवून सांगा. ह्या परिचारिका तज्ज्ञ आहेत का?”

मेट्रन थोरलीसाठी थांबल्या नाहीत. ती परकी भाषा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटची तोंडातून काढली. व्याकरण पार मोडलं, पण मतलब पोचला. “माझ्याहून चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “मी पस्तीस वर्षं काम केलं. माझ्याहून चांगली.”

खुर्चीमागे उभ्या असलेल्या धाकटीने तोंडावर हात धरला.

*

पडदा काळा झाला तेव्हा निकाल असा होता, की वह्या मंडळाला मान्य. पानांचे फोटो पाठवायचे. मात्र रुग्णालयाचं दुरुस्तीपत्रही हवं, आणि ते आजच, तिकडचं ऑफिस बंद व्हायच्या आत. पत्र आलं की नोंदणी.

धाकटा उडी मारून वह्यांचे फोटो काढायला बसला. बाकीच्यांनी थोरल्याकडे पाहिलं. पत्र कुणाच्या टेबलावरून निघणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

थोरला भिंतीपाशीच होता. आपल्याच घरात आपल्याला उघडं पाडलं, तेही बायकोच्या तोंडून, ह्याचा त्याला राग आला होता. तो राग शोधत तो मनात फिरला, आणि त्याला दुसरंच काहीतरी सापडत गेलं. सहा वर्षं दर महिन्याला त्या रजिस्टरवर सही करताना त्याला पकडलं जायची धास्ती वाटायची. मघाशी, सगळं बोलून झालं त्या क्षणी, ती गेली होती. माणसाला आपली भीती गेलेलीसुद्धा लगेच कळत नाही.

त्याने खुंटीवरचा शर्ट काढला.

“मागची तारीख घालायला निघालात का?” थोरलीने विचारलं. ती अजून स्टुलावरच होती.

“आजची घालणार,” तो म्हणाला. “‘मूळ नोंद चुकीची होती आणि ती माझ्या सहीने पास झाली,’ असं लिहिणार. माझंच नाव घालून. तू सांगितलंसच आहे सगळ्या जगाला, आता मी काय लपवू?”

“रागावलात?”

“रागावलोय. संध्याकाळी भांडू. आत्ता वेळ नाही.” दारातून तो परत वळला. “ते शेवटचं वाक्य आईचं नव्हतं ना?”

“नव्हतं. माझं होतं.”

“वाटलंच मला,” तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरलं नाही.

धाकटीची दोनची ड्युटी होती. तिने डबा घेतला, ओळखपत्र गळ्यात घातलं. मेट्रन पायात चपला अडकवून तिच्याआधी दारात उभ्या होत्या.

“आई, तुम्ही कुठे?”

“साहेबांनी विचारलं तर खोटं लिहिणारीने हजर असायला नको?”

तिघं मिळून निघाली. रुग्णालयाच्या फाटकाशी धाकटी डावीकडे वळली आणि मायलेक उजवीकडे ऑफिसात गेले.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग मेट्रनकडे पाहिलं, मग थोरल्याकडे, आपल्या हेडक्लार्ककडे. ह्या टेबलावर चुका रोज येतात, ते म्हणाले, पण आपण होऊन चालत आलेली ही पहिलीच. चौकशी होणार, ती टळायची नाही. बढतीचं काय होईल ते ते सांगू शकत नव्हते. पण पत्रावर त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि समोर बसवून पाठवायला लावलं.

चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. थोरल्याने ते वाचलं आणि ऑफिसातल्या चारचौघांसमोर आईला मिठी मारली. नोंदणी झाली होती. नवजात अतिदक्षता विभागाची तज्ज्ञ परिचारिका. खाली नोंदणी क्रमांक होता, आठ आकडी.

मेट्रननी तो क्रमांक चिठ्ठीवर उतरवून घेतला, दोनदा ताडून पाहिला, आणि दुसऱ्या मजल्यावर निघाल्या. जिना चढताना त्या कठडा धरायच्या, आज धरला नाही.

नवजात कक्षाच्या काचेच्या दाराबाहेर टेबल होतं. टेबलामागे ह्याच महिन्यात लागलेली एक नवी सिस्टर बसली होती. तिने मेट्रनना ओळखलं नाही.

“आत नाही जायचं, आजी. कुणाला भेटायचंय?”

मेट्रननी मोठेपणाचा आव आणला नाही, की मी कोण आहे हे ऐकवलं नाही. त्यांनी काचेतून पाहिलं. पाचव्या पेटीवर धाकटी ओणवी झाली होती, दोन्ही हात गोल झरोक्यांतून आत. अशा वेळी हाक मारायची नसते.

“आतल्या सिस्टरना भेटायचंय,” त्या म्हणाल्या. “त्यांचं काम होऊ दे. मी थांबते.”

“मग इथे नोंद करा.” नव्या सिस्टरने भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर पुढे सरकवलं. पक्क्या बांधणीचं, पानापानावर ऑफिसचा शिक्का असलेलं.

मेट्रननी पेन घेतलं. आपलं नाव लिहिलं. वेळ लिहिली, चार वाजून बावीस मिनिटं. कुणाला भेटायचं, ह्या रकान्यात सुनेचं नाव लिहिलं, त्यापुढे नवजात अतिदक्षता विभाग, तज्ज्ञ परिचारिका, आणि चिठ्ठीत बघून आठही आकडे. शेवटचा रकाना नात्याचा होता. तिथे त्यांनी मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं, ‘माझी सून’. खाली सही केली, आणि बाकड्यावर जाऊन इतर नातेवाइकांमध्ये बसल्या.